केप कॉडच्या तळ्याकाठी काय बघायचं, कसं बघायचं

ऑगस्टमध्ये बॉस्टनहून केप कॉडला, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पाला, निघालेली आपली मंडळी थेट समुद्र गाठतात. वाटेत पाइनच्या रानात गोड्या पाण्याची कितीतरी तळी आहेत. एकट्या केप कॉडवरच ती नऊशेच्या आसपास भरतात. पण तिकडे कुणी वळलंच, तर मुलांना डुंबायला न्यायचं म्हणून. मी सातारची, कासचं पठार बघत वाढलेली. इथे आल्यावर पहिली काही वर्षं भाद्रपद आला की पठाराची फार आठवण यायची. मग एका सप्टेंबरात प्लिमथजवळच्या एका तळ्याकाठी ओल्या वाळूत मला गेंद दिसला. तोच पांढरा, शर्टाच्या बटणाएवढा गोंडा, तशीच सरळ उभी काडी. जात निराळी, पण प्रजात तीच, एरिओकॉलॉन. मी तिथेच खाली बसले.

तेव्हापासून दर वर्षी जाते आणि ओळखीपाळखीच्यांना घेऊन जाते. त्यांना दर वेळी जे सांगावं लागतं ते इथे लिहिते आहे. वनस्पतिशास्त्र यायलाच हवं असं नाही. गुडघे टेकायची तयारी हवी, आणि पाऊल कुठे टाकायचं ते कळायला हवं.

आधी तळं समजून घ्या

सुमारे १८,००० वर्षांपूर्वी इथला हिमथर वितळत मागे सरकू लागला, तेव्हा बर्फाचे अवाढव्य तुकडे मागे राहिले. वितळत्या पाण्याबरोबर वाहत आलेल्या वाळूत आणि खडीत ते गाडले गेले. पुढे तेही विरघळले, वरची वाळू खचली आणि खळगे पडले. जे खळगे भूजलाच्या पातळीपर्यंत खोल होते त्यांत पाणी दिसू लागलं. यांना इथे केटल पाँड म्हणतात. बहुतेकांना ना ओढा येऊन मिळतो, ना त्यांतून एखादा बाहेर पडतो.

म्हणून या तळ्यांकडे विहीर म्हणून बघा. गावच्या विहिरीचं पाणी जसं चढतं आणि उतरतं, तसंच यांचं. हिवाळ्यात आणि वसंतात जमिनीत पाणी मुरतं, तळं चढतं. उन्हाळ्यात झाडं पाणी ओढतात, वाफ होते, तळं उतरतं. शिवाय ओली वर्षं आणि कोरडी वर्षं असतात. एखाद्या वर्षी काठ दिसतच नाही, तर एखाद्या वर्षी दहा-वीस पावलं रुंद वाळू उघडी पडते.

दुसरी गोष्ट या वाळूची. ती धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ असते, आणि तिच्यात खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं. पाणी मऊ आणि आंबटसर, त्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस अगदी थोडे. गाळ नाही, चिखल नाही.

इथली फुलं जगतात ती या दोन गोष्टींच्या जोरावर. ती बुटकी असतात, सावकाश वाढतात. उंच गवत किंवा झुडूप शेजारी आलं की त्यांची सावली पडते आणि ही संपतात. पण वाळू इतकी निकस की उंच गवताला तिथे तग धरता येत नाही. झुडपं मात्र निकस मातीतही येतात, ती दोन-तीन कोरड्या वर्षांत वरून खाली सरकत येतात. मग एखादं ओलं वर्ष येतं, पाणी चढतं, महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि ती झुडपं बुडून मरतात. पाणी पुन्हा उतरलं की वाळूत निपचित पडून राहिलेलं बी रुजतं. हे बी कित्येक वर्षं वाट बघू शकतं. पाणी चढणं हे या काठावरचं संकट नव्हे, तीच त्याची राखण आहे. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

कधी आणि कुठे

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जा. त्याआधी पाणी उतरलेलं नसतं, त्यानंतर फुलं सरतात. वर्ष कसं आहे ते निघण्याआधी बघा. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं केप कॉडवरच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी इंटरनेटवर देतं. ती नेहमीपेक्षा वर असेल तर तळ्याकाठी नुसती झुडपंच पाण्यात उभी दिसतील. त्या वर्षी वाळूचं काही दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका.

सुरुवात सरकारी जंगलात करा. प्लिमथ आणि कार्व्हरच्या हद्दीतलं माइल्स स्टँडिश राज्य वन बारा हजार एकरांहून मोठं आहे आणि त्यात अशी बरीच तळी आहेत. केपवर ब्रूस्टर गावातलं निकर्सन राज्य उद्यानही चांगलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १० एकरांहून मोठं नैसर्गिक तळं 'ग्रेट पाँड' म्हणून जनतेचं मानलं जातं, पण म्हणून काठाला लागून असलेल्या कुणाच्याही अंगणातून उतरता येतं असं नाही. पाटी बघा आणि वाटेनेच जा.

सोबत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं एक भिंग. यावाचून गेलात तर निम्मं बघायचं राहून जाईल. गुडघ्याखाली घ्यायला योगासनाच्या चटईचा हातभर तुकडा, पण तो कुठे ठेवायचा ते पुढे सांगते. पाण्यात भिजले तरी चालतील असे जुने बूट, फोन, एक छोटी मोजपट्टी.

पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला, पँटचे पाय फिक्या रंगाच्या मोज्यांत खोचा. कारण गोचीड. इथल्या डिअर टिकपासून लाइम रोग होतो. मोठी मादी तिळाएवढी, पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि केसांची मुळं नीट तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढा. जितक्या लवकर काढाल तितका धोका कमी, म्हणून ही तपासणी त्याच संध्याकाळी करा.

दुसरी काळजी पॉयझन आयव्हीची. तीन-तीन पानांचे झुपके, त्यांत मधलं पान लांब देठाचं. ही आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली आहे, आणि बिब्बा उततो तसंच हिचा चीक लागला की अंगावर फोड येतात. ज्यांना कैरीच्या चिकाने ओठ सुजण्याचा त्रास आहे त्यांनी तर हिच्यापासून चार हात लांबच राहा. पाण्याकडे जाणाऱ्या वाटांच्या दोन्ही अंगांना ती हमखास असते.

कुत्रा नेऊ नका.

पाऊल कुठे टाकायचं

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चूक केली होती. पाणी खूप उतरलं होतं, मला समोर नुसती मोकळी वाळू दिसली. मी तिच्यावर चादर अंथरली, डबा उघडला, मुलं धावली, आम्ही तासभर बसलो. निघताना चादर उचलली तर खाली वाळूला चिकटून बसलेल्या बारीक हिरव्या पानांच्या चकत्या चुरगळलेल्या. एक-दोन नव्हे, चादरीएवढ्या जागेत डझनावारी. महिन्याभराने पुन्हा गेले तेव्हा आमच्या बसण्याची जागा तशीच ओळखू येत होती. अशा काठावर तुटलेलं भरून यायला खायला काही नसतं, त्यामुळे जखम लवकर बुजत नाही.

म्हणून उतरायच्या आधी थांबा. काठाच्या वर उभं राहून दोन मिनिटं वाळूकडे बघा. डोळे सरावले की हिरवे, तांबूस ठिपके दिसू लागतात. मग लोकांच्या रोजच्या पावलांनी आधीच तुडवली गेलेली वाट शोधा आणि तिनेच थेट पाण्यापर्यंत जा. पाण्याच्या कडेची वाळू लाटांनी धुतलेली आणि बऱ्याचदा खरोखर मोकळी असते. तिथून काठाकडे तोंड करून बघायचं. पाण्यात शिरावं लागलं तर तळ बघत शिरा, कारण तिथेही रोपं असतात. एकामागे एक चाला, शेजारी-शेजारी नको. गुडघा टेकायच्या आधी त्या जागेवरून तळहात फिरवा. बोटांना काही टोचलं, अडलं तर जागा बदला. चटईचा तुकडा अशा तपासलेल्या जागेवरच ठेवा.

वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने

तळ्याभोवती वनस्पतींची वर्तुळं असतात. पाणी कुठवर चढतं आणि किती काळ राहतं त्यावर कोण कुठे वाढेल ते ठरतं.

सगळ्यात वरचं वर्तुळ झुडपांचं. हायबुश ब्लूबेरी, लेदरलीफ आणि क्लेथ्रा. क्लेथ्राचे पांढरे तुरे ऑगस्टमध्ये फुलतात आणि त्यांचा सुवास तळं दिसायच्या आधी येतो. मधूनच काटेरी ग्रीनब्रायर पायात अडकते, ती आपल्या घोटवेलीची बहीण. हे वर्तुळ थेट पाण्यापर्यंत उतरलेलं दिसलं तर समजा, बरेच दिवसांत मोठं पाणी आलेलं नाही.

झुडपांच्या खाली वाळूचा वरचा पट्टा, बहुतेक वर्षी कोरडा. इथे ऱ्हेक्सिया व्हर्जिनिका शोधा. गुलाबी, चार पाकळ्यांचं फूल, आणि मधून बाहेर आलेले कोयत्यासारखे वाकलेले पिवळे पुंकेसर. ही आपल्या अंजनीच्या कुळातली. परागकण पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रात कोंडलेले असतात. बंबलबी फुलाला लटकून विशिष्ट सुरात गुंजते, त्या थरथरीने पराग बाहेर पडतात. टोमॅटोच्या फुलातही असंच घडतं. दहा मिनिटं शांत बसलात तर हा आवाज ऐकू येईल, उडताना येतो त्याहून तो बारीक आणि चढा असतो. फूल गळलं तरी ऱ्हेक्सिया ओळखता येते, तिचं फळ हुबेहूब सुरईच्या आकाराचं असतं.

मधला पट्टा सगळ्यात भरलेला. इथेच सबाशिया केनेडियाना म्हणजे प्लिमथ जेंशन फुलते. गुलाबी रंगाच्या नऊ-दहा पाकळ्या, मधोमध पिवळा डोळा आणि त्या डोळ्याला लाल, करवती किनार. काडेचिराईताच्या कुळातलं हे फूल साऱ्या जगात मोजक्याच ठिकाणी आहे: मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडची तळी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा एक कोपरा आणि दक्षिणेला कॅरोलायना. एका चांगल्या वर्षी मी एका तळ्याच्या अर्ध्या काठाला याचा गुलाबी पट्टा बघितला आहे. काहीच न बोलता आम्ही चौघं उभे होतो. याच पट्ट्यात ग्रॅटिओला ऑरियाची लहानशी पिवळी फुलं, झायरिस, लव्हाळ्याच्या कुळातल्या बुटक्या जाती आणि दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा ही किडे धरणारी रोपं.

त्याखाली पाण्याची कड. गेंद इथला. त्याच्या जोडीला लोबेलिया डॉर्टमाना, जिची पानं पाण्याखाली वाळूवर चकतीसारखी पसरलेली असतात आणि फिकट जांभळट फुलांचा दांडा तेवढा पाण्याबाहेर येतो. या पाण्यात कार्बन डायऑक्साइडही फार कमी, म्हणून ती तो मुळांवाटे वाळूतून घेते आणि ऑक्सिजन मुळांवाटेच वाळूत सोडते. तिच्या शेजारी गवताच्या ठोंबासारखी दिसणारी आयसोएटिस असू शकते. ती फुलणारी वनस्पतीच नाही, नेच्यांच्या दूरच्या नात्यातली आहे. या प्रजातीतल्या एका जातीचं नाव आपल्या पाचगणीवरून पडलेलं आहे, आयसोएटिस पंचगणिएन्सिस.

भिंग काढा

एक दवबिंदू निवडा. इथे काठावर सहज दिसतो तो ड्रॉसेरा इंटरमीडिया, लाल, चमच्याच्या आकाराच्या पानांचा. सगळा मिळून रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढा. भिंग डोळ्याजवळ धरा आणि आपणच खाली वाका. पानावर लाल केस, प्रत्येकाच्या टोकाला चकचकीत थेंब. ऊन कितीही चढलं तरी तो वाळत नाही, कारण ते दव नसून चिकट रस आहे. एखाद्या पानावर चिलटाचे पंख चिकटलेले दिसतील आणि आजूबाजूचे केस त्याच्या दिशेने वाकलेले. वाळूत नायट्रोजन मिळत नाही, तो हे रोप किड्यातून मिळवतं.

कासवर ज्या फुलांना आपण सीतेची आसवं म्हणतो त्यांची प्रजात, युट्रिक्युलेरिया, इथेही आहे. काही जाती ओल्या वाळूत, काही पाण्यात तरंगत. तरंगणाऱ्या जातीची फांदी पाण्यातच तळहातावर घ्या. केसांसारख्या पानांमध्ये मोहरीपेक्षा बारीक पिशव्या दिसतील. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दारावरच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात हे होतं, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. बघून झालं की फांदी होती तिथेच सोडा.

गेंद उपटायचा नाही. पण वाऱ्याने सुटून कडेला वाहत आलेलं एखादं रोप मिळतंच. त्याची मुळं बघा: पांढरी, दोरीसारखी, आणि गांडुळाच्या अंगावर असतात तशा आडव्या वळ्यांची. मी ती कितीजणांना दाखवली असतील, प्रत्येकाने आधी तो किडा समजून हात मागे घेतला आहे.

ओळख आणि नोंद

फोटो एक काढून भागत नाही. फूल समोरून, फूल बाजूने, पान, खोडाला पान जोडलेलं असतं ती जागा, आणि पट्टी शेजारी ठेवून पूर्ण रोप. मग घरी बसून 'गो बॉटनी' या संकेतस्थळावर ओळखा. नेटिव्ह प्लांट ट्रस्टने ते न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, वनस्पतींसाठी केलं आहे आणि नवख्याला एकेक सोपा प्रश्न विचारत नावापर्यंत नेतं. लव्हाळ्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. त्यांच्यासाठी पिकलेली फळं आणि सूक्ष्मदर्शक लागतो, आणि उगाच मन खट्टू होतं. गेंद, दवबिंदू, ऱ्हेक्सिया, ग्रॅटिओला आणि सबाशिया एवढी पाच ओळखता आली तरी काठ वाचता येतो.

'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत तर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे झाकली जाते. पण व्हॉट्सॅपवर फोटो टाकताना ते काम आपलं आपणच करायचं. तळ्याचं नाव लिहू नका. संरक्षित यादीतली झाडं तोडणं किंवा उपटणं राज्याच्या १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. एक रोप नेऊन कुंडीत लावू, हा विचारही मनातून काढून टाका. कुंडीतल्या सकस मातीत ते जगणार नाही.

तळ्याकाठी घर घेतलंत किंवा भाड्याने राहिलात तर

आपल्यातले बरेच जण हल्ली तिकडे घर बघतात, म्हणून हे जरा ठामपणे लिहिते. इथे बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहे. टाकीतून झिरपलेलं पाणी वाळूतून जातं आणि त्यातला फॉस्फरस व नायट्रोजन हळूहळू तळ्यात पोचतो. लॉनला घातलेलं खतही तसंच. निकस काठाला खत मिळालं की उंच गवत आणि झुडपं माजतात, पाण्यावर हिरवा तवंग येतो, आणि बुटकी फुलं सगळ्यात आधी जातात. तेव्हा लॉन असलंच तर त्याला खत घालू नका, आणि घर व पाणी यांच्यामधली झुडपं तशीच ठेवा. टाकी वेळेवर उपसून घ्या. काठ 'साफ' करायला दाताळं फिरवू नका, बाहेरून वाळू आणून टाकू नका.

पाणीही जपून वापरा. केप कॉडला पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाशिवाय दुसरा मोठा आधार नाही. १९८२ साली केंद्र सरकारने तशी रीतसर नोंद केली. नळाला येतं ते पाणी आणि तळ्यातलं पाणी एकच आहे. उन्हाळ्यात पंप जास्त चालले की तळं वेळेआधी आणि जास्त उतरतं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी ते पुरेसं चढत नाही आणि झुडपं बुडायची राहतात.

अलीकडे काही तळ्यांकाठी ग्रे विलो नावाचं युरोपातलं झुडूप घुसलं आहे. त्याला पाण्यात उभं राहणं सोसतं, म्हणून चढलेलं पाणीही त्याला मारू शकत नाही. ते दिसलं तर स्वतः उपटायला जाऊ नका. काठावर काहीही करायला परवानगी लागते, आणि उपटताना आजूबाजूचंच जास्त तुटतं. फोटो काढा आणि गावाच्या कॉन्झर्वेशन कमिशनला कळवा. ते लोक अशा फोनची वाट बघत असतात, हा माझा अनुभव आहे.

परत जा

जिथून पहिल्यांदा नीट बघितलंत तिथला एखादा मोठा धोंडा लक्षात ठेवा. त्याच्याशेजारी उभं राहून पाण्याच्या दिशेने एक फोटो काढा. मग एप्रिलमध्ये त्याच धोंड्याशी जा आणि तसाच फोटो काढा. ज्या वाळूवर सप्टेंबरात गुडघे टेकले होते तिच्यावर तेव्हा मांडीभर पाणी असेल, थंडगार आणि इतकं नितळ की तळाशी लोबेलियाच्या चकत्या मोजता येतात. माझ्याकडे असे अकरा वर्षांचे फोटो आहेत. त्यांतल्या दोन सप्टेंबरांत धोंडाच दिसत नाही.